साचा तोच, खोका निराळा

वाटणीचा प्रसंग आला की आपल्या व्यापारी घरांत सोन्याचे वजन होते, घर आणि शेत यांचे मूल्यांकन होते, दुकानाच्या जागेची व नावाची किंमत ठरविण्यासाठी चार वडीलधारी मंडळी बैठकीत बसतात आणि चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत बहुधा तोडगा निघतो. बँकेच्या नोकरीत तारण, मूल्यांकन आणि वारसांचे दावे हेच माझे रोजचे काम होते. त्यामुळे निवृत्तीनंतरही अशा बैठकींचे बोलावणे येत असते. यंदा लातूरच्या एका कापड व्यापारी कुटुंबाने जो प्रश्न पुढे ठेवला, तो मात्र आजवरच्या कोणत्याही कर्जप्रकरणात आला नव्हता. एका लोखंडी कपाटात ऐंशीच्या आसपास खोकी रचलेली होती. प्रत्येक खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग होते आणि या खोक्यांवरून दोन सख्ख्या भावांत बोलणे बंद झाले होते.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विमान, जहाज, मोटार किंवा आगगाडीचे इंजिन यांचे भाग ठरावीक प्रमाणात लहान करून प्लास्टिकमध्ये ओततात. ते भाग एका चौकटीला झाडाच्या फांदीला कैऱ्या लागाव्यात तसे लटकलेले असतात. ते कापून, घासून, चिकटवून आणि रंगवून हुबेहूब नमुना तयार करावयाचा. विमानांसाठी १:७२ हे प्रमाण फार प्रचलित आहे. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट नमुन्यात एक इंच होतात. शेवटी चिन्हे आणि क्रमांक यांची पातळ चित्रे पाण्यात भिजवून अलगद बसवितात. त्यांना डिकल म्हणतात. या संपूर्ण संचाला जगभर ‘किट’ म्हणतात आणि आपणही तसेच म्हणू. मला या छंदाची ओळख नोकरीतल्या मुंबईच्या बदलीत झाली. नमुने जोडण्यात मला फारशी गती नाही, पण खोक्यांचा इतिहास वाचण्याचा नाद लागला तो लागलाच.

ही खोकी होती त्या कुटुंबातील मधल्या बंधूंची. ते अविवाहित होते. नांदेडला वजिराबादेतील शाखा तेच पाहत. १९७० च्या दशकापासून खरेदीसाठी मुंबईला गेले की परतताना एखादे किट घेऊन येत. पुढे परदेशी राहणाऱ्या भाच्यांकडूनही मागवू लागले. निम्म्याहून अधिक खोकी त्यांनी कधी उघडलीच नाहीत. गेल्या वर्षी ते गेले. कपाट नांदेडहून लातूरला आले आणि धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाने मोबाइलवर शोध घेतला. तेव्हा कपाटातल्या एका खोक्यासारखेच खोके परदेशात काही शे डॉलरला विक्रीस लावलेले आढळले. त्याने त्या आकड्याला ऐंशीने गुणले. धाकटे बंधू म्हणू लागले, “साहेब, कपाट वाटणीत धरलेच पाहिजे.” थोरल्या बंधूंचे म्हणणे, “साहेब, ही रद्दी आहे. मुलांना खेळायला देऊन टाका.” दोघांचेही म्हणणे चुकीचे होते. ते का, हे समजण्यासाठी मूळ आवृत्ती आणि फेरआवृत्ती यांतला भेद पाहावा लागतो.

किटच्या धंद्यात खरे भांडवल साचा हेच असते. पोलादाच्या जाड ठोकळ्यांत शेकडो भागांच्या पोकळ्या कोरावयाच्या, त्यांत वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरावयाचे आणि थंड झाले की ठोकळे उघडून चौकट बाहेर काढावयाची. खर्च होतो तो साचा तयार करण्यात. एकदा तो तयार झाला की पुढच्या प्रत्येक किटला लागते ते मूठभर प्लास्टिक, एक पुठ्ठ्याचा खोका, एक सूचनापत्र आणि एक डिकल. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर घसारा पूर्ण झालेले यंत्र चालूच राहावे तसा हा प्रकार आहे. म्हणून कंपन्या एखादा साचा पाच-दहा वर्षे विश्रांतीला ठेवतात आणि पुन्हा बाहेर काढून नव्या खोक्यात तेच भाग विकतात. यास इंग्रजीत रीइश्यू म्हणतात. मी फेरआवृत्ती म्हणतो. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघावी तसेच हे असते. ती बनावट नसते. निजामाच्या हाली सिक्क्याची कोणी नक्कल पाडली तर ती खोटी ठरते. किटच्या फेरआवृत्तीला हा न्याय लागू पडत नाही, कारण साचा खरा, बहुधा मालकीहक्कही खरा. बदलतो तो काळ.

कंपन्या बुडतात, साचे मात्र बुडत नाहीत. या धंद्याचा इतिहास वाचताना मला याच गोष्टीची मौज वाटत आली आहे. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीचे उदाहरण घ्या. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थांनी ती १९३९ मध्ये स्थापन केली. १९४९ मध्ये त्यांनी फर्ग्युसन ट्रॅक्टरचा नमुना जाहिरातीसाठी म्हणून काढला, पुढे ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज आणि पाठोपाठ स्पिटफायर विमान आले. पुढची पंचवीस वर्षे या कंपनीने गाजविली. १९८१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. तेव्हा जनरल मिल्स या अमेरिकन उद्योगाच्या पॅलिटॉय या शाखेने साचे घेतले आणि ते फ्रान्सला नेले. १९८६ मध्ये ते रंग बनविणाऱ्या हम्ब्रोलकडे गेले. हम्ब्रोलही अडचणीत आली आणि २००६ मध्ये हॉर्नबी या खेळण्यांतल्या आगगाड्यांच्या कंपनीने ते विकत घेतले. म्हणजे एकाच साच्यातून निघालेले एकच विमान चार मालकांच्या खोक्यांतून बाजारात आले. एखादी मिल चार शेटजींच्या हातांतून जावी आणि माग तेच राहावेत, तसे.

फ्रॉग या दुसऱ्या ब्रिटिश नावाची कथा याहून विलक्षण आहे. १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाखाली त्यांनी प्लास्टिकची किटे काढली; या प्रकारातली ती अगदी पहिल्या काळातली. त्यांसाठी वापरलेले सेल्युलोज अॅसिटेट कालांतराने वाकते, त्यामुळे तेव्हाचे न उघडलेले खोके आज उघडले तर आत पंख पिळवटलेले निघण्याची शक्यता बरीच. १९७० च्या दशकाच्या मध्यास फ्रॉग बंद पडली आणि तिचे बहुतेक साचे सोव्हिएत संघात गेले. ‘नोव्हो’ या नावाने तीच किटे पुन्हा पश्चिमेत विकावयास आली. गंमत अशी की महायुद्धातील जर्मनी, जपान आणि इटली यांच्या विमानांचे साचे सोव्हिएत बाजूने घेतले नाहीत. ते रेव्हेल कंपनीकडे वळले. शत्रूच्या विमानाचा साचाही नको, अशी ती भूमिका होती. पुढे त्या साच्यांतून रशिया-युक्रेनमधल्या निरनिराळ्या कारखान्यांत पातळ पुठ्ठ्यांच्या खोक्यांत किंवा नुसत्या पिशव्यांत, कधी डिकलशिवाय, किटे निघत राहिली.

आपल्या देशाचाही यात भाग आहे आणि तो फारसा कोणास ठाऊक नसतो. डिंकी ही धातूच्या लहान मोटारी बनविणारी ब्रिटिश कंपनी. तिच्या काही मोटारींचे जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यास आले आणि तेथून ‘निकी टॉईज’ या नावाने मोटारी निघू लागल्या. मोटार तीच, तळपट्टीवरचे नाव निराळे. त्या काळी त्यांकडे दुय्यम माल म्हणून पाहिले गेले. रंग ओबडधोबड, चाके निराळी. आज मात्र निकीच्या मोटारी स्वतःच्या नावाने शोधणारे संग्राहक आहेत, कारण त्या थोड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक आपल्या मुलांनी खेळून मोडल्या. फेरआवृत्ती म्हणजे कमी मोल, हे समीकरण नेहमी टिकत नाही, ते असे. आणि आजची गोष्ट म्हणाल तर २०१० नंतर निघालेल्या एअरफिक्सच्या अनेक खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले आढळते. भारतात ओतलेले प्लास्टिक इंग्लंडच्या नावाने जगभर जाते आणि नांदेडच्या एखाद्या हौशी मुलास ते परदेशी माल म्हणून मिळते!

आता मूळ कोणते आणि फेरआवृत्ती कोणती, हे ओळखावे कसे? सर्वांत मोठा फसवा पुरावा म्हणजे प्लास्टिकवर उठविलेले साल. पंखाच्या आतल्या बाजूस एखादे १९६५ किंवा १९७३ दिसले की धाकट्या बंधूंच्या चिरंजीवासारखी मंडळी हरखतात. ते साल साच्यात कोरलेले असते. साचा २०१५ मध्ये चालविला तरी तेच साल उमटते. ते साच्याच्या जन्माचे साल, त्या वस्तूचे नव्हे. दस्तऐवज तपासताना आम्ही जे करीत असू तेच येथे करावे लागते: एका तारखेवर विश्वास न ठेवता सर्व तपशील एकमेकांशी जुळतात का, ते पाहावे. खोक्यावर कंपनीचा पत्ता कोणता आणि त्या काळी मालक कोण? बारकोड आहे का? बारकोडचा वापरच १९७४ मध्ये सुरू झाला आणि खेळण्यांच्या खोक्यांवर तो रुळावयास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे बारकोड असलेले खोके १९६० च्या दशकातले असूच शकत नाही. सीई ही युरोपीय सुरक्षिततेची खूण असेल तर खोके १९९० च्या आसपासचे किंवा त्यानंतरचे. संकेतस्थळाचा पत्ता छापलेला असेल तर प्रश्नच मिटला.

प्लास्टिकचा रंगही बोलतो. मॅचबॉक्सने १९७३ पासून जी किटे काढली त्यांत एकाच विमानाचे भाग दोन किंवा तीन रंगांच्या प्लास्टिकमध्ये असत, म्हणजे लहान मुलाने रंगविले नाही तरी नमुना बरा दिसे. पुढे मॅचबॉक्सचे साचे रेव्हेलकडे गेल्यावर तीच विमाने बहुधा एकाच रंगात निघू लागली. कपाटातल्या एका खोक्याच्या फटीतून मला हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही रंग दिसले, तेव्हा ते उघडण्याची गरज उरली नाही. शिवाय साचा झिजला की दोन ठोकळ्यांच्या सांध्यातून प्लास्टिक किंचित बाहेर येते आणि भागांच्या कडेला पातळ पापुद्रे दिसतात. आपल्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या बादल्या आणि खुर्च्या बनविणारे याला फ्लॅश म्हणतात. तोच शब्द येथेही चालतो. पापुद्रे जितके अधिक तितका साचा अधिक चाललेला.

खोक्यावरील चित्र मात्र आता पुरावा राहिलेला नाही. रॉय क्रॉस या चित्रकाराने १९६४ ते १९७४ या काळात एअरफिक्ससाठी जी चित्रे रंगविली, ती या छंदातली मानाची चित्रे समजली जातात. जळणारी विमाने, फुटणारे बॉम्ब, समुद्रावर पसरलेला धूर. नंतरच्या काळात मुलांच्या खेळण्यावर हिंसा नको म्हणून त्याच चित्रांतल्या ज्वाळा आणि बॉम्ब पुसून फेरआवृत्त्या काढल्या गेल्या. (या कुटुंबातील मातोश्रींनीही फार पूर्वी मुलास बजावले होते म्हणे, की बॉम्ब टाकणारी विमाने घरात आणू नकोस. तेव्हापासून त्यांनी जहाजे आणि मोटारी वाढविल्या. विमाने खालच्या खणात गेली.) अलीकडे एअरफिक्सने ‘व्हिंटेज क्लासिक्स’ या नावाने जुने साचे जुन्याच चित्रांसह पुन्हा विक्रीस आणले आहेत. त्यामुळे नुसते चित्र पाहून ‘हे मूळ’ असे म्हणणे धोक्याचे झाले आहे. कंपनी स्वतः काही लपवीत नाही, खोक्यावर मालिकेचे नाव ठळक असते. पण जुन्या मालाच्या बाजारात छायाचित्र असे घेता येते की ते नाव चौकटीबाहेर राहावे.

सील असलेल्या खोक्याविषयी थोडे अधिक सांगावयास हवे, कारण फसवणूक येथेच अधिक होते. संग्राहक न उघडलेल्या खोक्यास जास्त पैसे मोजतो. उघडलेल्या खोक्यात भाग पूर्ण असले तरी भाव उतरतो. बँकेत नोटांची सीलबंद थैली आली तर आम्ही आधी सील कोणाचे, हे पाहत असू. थैली बंद आहे एवढ्यावर कोणी पावती देत नसे. प्लास्टिकचे पातळ वेष्टन गरम हवेने आवळून बसविणारे यंत्र आज मिठाईच्या दुकानातही असते. तेव्हा वेष्टन आहे याचा अर्थ कारखान्याचे वेष्टन आहे, असा होत नाही. जुन्या वेष्टनाला पिवळसरपणा येतो, शिवणीची जागा ठरावीक असते, कोपऱ्यांवर ते तडकते. बहुतेक जुन्या एअरफिक्स खोक्यांना तर वेष्टन नसेच. लहान किटे पिशवीत मिळत आणि वर कागदाची पट्टी पिना मारून लावलेली असे. त्या पिना गंजलेल्या, पण जागच्या जागी असतील, तर मला कोणत्याही चकचकीत वेष्टनापेक्षा त्यांचा भरवसा अधिक वाटतो.

हे सारे संग्राहकाचे झाले. जोडणाऱ्याचे गणित उलट असते. त्याला आतले भाग हवे असतात. पन्नास वर्षांपूर्वीचे डिकल पिवळे पडलेले असते, पाण्यात टाकताच त्याचे तुकडे होतात. फेरआवृत्तीत ते नवे आणि बहुधा अधिक अचूक छापलेले मिळते. सूचनापत्रही सुधारलेले असते. त्यातही आपल्याकडच्या जोडणाऱ्याला हंटर, नॅट किंवा मिग-२१ भारतीय वायुसेनेच्या खुणांसह करावयाचे असते आणि जुन्या ब्रिटिश खोक्यांत बहुधा ब्रिटिश खुणाच असत. म्हणजे त्याला डिकल वेगळे शोधावेच लागते. मग मूळ खोक्यासाठी जादा पैसे त्याने का द्यावे? माझे मत स्पष्ट आहे: ज्याला जोडावयाचे आहे त्याने डोळे मिटून फेरआवृत्ती घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत चांगला रंग व कुंचले घ्यावेत.

फेरआवृत्ती निघाली की मूळ खोक्याचा भाव पडतो, विशेषतः उघडलेल्या खोक्याचा. कारण इतके दिवस त्या खोक्यामागे दोन गिऱ्हाइके होती, आता एकच उरते. याचे ठसठशीत उदाहरण अमेरिकेतील ऑरोरा कंपनीचे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे साचे मोनोग्राम कंपनीकडे गेले, पण बरेचसे वापरण्याजोगे उरले नाहीत. त्यामुळे ऑरोराची राक्षस आणि भुतांची किटे, जी १९६० च्या दशकात मुलांनी खाऊच्या पैशांतून घेतली होती, ती दुर्मीळ झाली आणि भाव चढले. मग १९९० च्या दशकात पोलर लाइट्स नावाच्या नव्या कंपनीने जुन्या किटांवरून मापे घेऊन नवेच साचे घडविले. जोडणाऱ्यांची सोय झाली. ज्यांनी पुढे भाव येईल म्हणून उघडी, अर्धवट किटे साठविली होती, त्यांचा माल अंगावर पडला. याउलट काही मूळ आवृत्त्यांना फेरआवृत्तीची भीतीच नसते. अमेरिकेच्या एएमटी कंपनीने १९६० च्या दशकात दरवर्षीच्या नव्या मोटारीचे किट काढले, ते बहुधा आदल्या वर्षीचाच साचा कोरून-बदलून. बदललेला साचा मागे नेता येत नाही. त्यामुळे त्या त्या वर्षाचे किट पुन्हा निघणे जवळजवळ अशक्य असते आणि त्याची किंमत टिकते ती याच कारणाने.

आता भावाविषयी. चिरंजीवाने जो आकडा पाहिला तो मागितलेला भाव होता. आडत बाजारात वावरलेल्या माणसाला हे सांगावे लागू नये. शेतकऱ्याने मनात धरलेला सोयाबीनचा भाव निराळा आणि हिशेबपट्टीवर आलेला निराळा. परदेशी विक्रीस्थळांवर झालेल्या विक्रीचे आकडे वेगळे पाहता येतात, तेच धरावेत. त्यातून टपालखर्च, विक्रीस्थळाची दलाली आणि परकीय चलनाचा खर्च वजा करावा. मोठे खोके हलके असले तरी जागा व्यापते आणि हवाई टपालात त्या जागेचे पैसे पडतात. शिवाय ऐंशी खोकी एकदम बाजारात आली तर तोच भाव मिळणार नाही. या छंदात जगभर जेवढी गिऱ्हाइके एखाद्या विशिष्ट खोक्यासाठी असतात, ती पाहता घाऊक विक्री म्हणजे तोटाच समजावा.

दोन दिवस बसून मी खोक्यांचे तीन भाग केले. ज्यांच्या सर्व खुणा एकमेकींशी जुळल्या, अशी मूळ आवृत्तीची खोकी जेमतेम सोळा निघाली. उरलेल्यांत फेरआवृत्त्यांचा भरणा होता. काही १९८० च्या दशकातल्या, बऱ्याचशा भाच्यांनी गेल्या पंधरा वर्षांत पाठविलेल्या. तिसरा भाग उघडलेल्या आणि अर्धवट जोडलेल्या किटांचा. ही यादी पाहून धाकटे बंधू थोडे खट्टू झाले. मग त्यांनी एक तोडगा सुचविला: जुनी चित्रे असलेली फेरआवृत्तीची खोकीही ‘जुना संग्रह, मूळ स्थितीत’ असे लिहून सरसकट विकावी, घेणारा परदेशातला, त्याला कोठे कळणार? त्यांच्या शब्दांत खोटे असे काही नव्हते. संग्रह जुना होता, खोकी मूळ स्थितीत होती. मात्र वाचणाऱ्याने ‘मूळ आवृत्ती’ असेच समजावे, ही त्यामागची योजना होती.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा प्रतिरूपकव्यवहार: एका मालासारखा दिसणारा दुसरा माल त्याच्या नावाने खपविणे. पिढ्यान्‌पिढ्या याचे उदाहरण तुपात वनस्पती तूप मिसळण्याचे दिले जाते. मी धाकट्या बंधूंना एवढेच विचारले, की आपल्या दुकानात हातमागाच्या गठ्ठ्यात यंत्रमागाचा ताका घालून ‘जुना साठा’ म्हणून कोणी दिला असता तर आपण तो परत केला असता की नाही? ते हसले. यादीत प्रत्येक खोक्यापुढे ‘मूळ’ किंवा ‘फेरआवृत्ती, अंदाजे अमुक दशक’ असे लिहावयाचे ठरले आणि जेथे मला खात्री नव्हती तेथे ‘अनिश्चित’.

खरा पेच मात्र निराळ्याच ठिकाणी होता आणि तो दोघांच्याही लक्षात आला नव्हता. मधले बंधू अविवाहित, वडील आधीच निवर्तलेले, मृत्युपत्र केलेले नाही आणि खोकी त्यांच्या स्वतःच्या कमाईतून घेतलेली. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम जैनांनाही लागू आहे. त्यानुसार पहिल्या वर्गातील वारसांत आईचा समावेश होतो आणि पहिल्या वर्गात कोणी हयात असेल तर भाऊ-बहिणींचा क्रम लागतच नाही. मातोश्री हयात आहेत. म्हणजे ज्या कपाटावरून दोन भाऊ वर्षभर बोलत नव्हते, त्यात दोघांचाही कायदेशीर हिस्सा नव्हता. बँकेत अविवाहित खातेदारांच्या दाव्यांत हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. भाऊ अर्ज घेऊन येतात आणि आईचे नाव शेवटच्या ओळीत लिहिलेले असते, अनेकदा केवळ संमतीपुरते.

मी मातोश्रींसमोर यादी वाचली. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान पूर्ण शाबूत. “काकू, हे सारे तुमचे आहे,” असे म्हटल्यावर त्यांनी प्रथम विचारले, की नांदेडच्या दुकानातल्या जुन्या मुनीमजींच्या नातवाला यातले काही जोडता येईल का. कारण मधल्या मुलाने त्यालाच जोडावयास शिकविले होते. उघडलेली किटे त्या मुलास गेली. सोळा मूळ खोक्यांपैकी बारा एकेक करून विकावयाची आणि पैसे लेकीसह तिन्ही अपत्यांत सारखे वाटावयाचे, हा निर्णय त्यांचाच. चार जहाजे त्यांनी ठेवून घेतली. का, ते सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

घरात अशी खोकी असतील किंवा मुलांना नवीन घेऊन द्यावयाची असतील, तर काही व्यावहारिक बाबी. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यामुळे परदेशातून मागविलेले पार्सल अडकू शकते. मागविण्यापूर्वी विक्रेत्याकडून वस्तूचे वर्णन नीट लिहून घ्यावे. जुना संग्रह विकून बरी रक्कम येणार असेल तर आपल्या सनदी लेखापालास आधी विचारावे. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू आणि कलाकृती यांना प्राप्तिकर एकच नियम लावीत नाही.

साठवणुकीत मात्र आपल्या मराठवाड्याच्या हवेने विशेष काळजी घ्यावयास लावली आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या खोक्यांतील लांब, बारीक भाग वाकतात आणि डिकल कडक होतात. पावसाळ्यात कसर पुठ्ठा खाते. कपाट आतल्या भिंतीला असावे आणि खोकी आडवी, एकावर एक फार उंच न रचता ठेवावीत. जुने डिकल पिवळे पडले असेल तर ते पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून ठेवतात. पिवळेपणा बराचसा जातो. कपड्यांच्या कपाटाची सवय म्हणून डांबराच्या गोळ्या येथे मुळीच टाकू नयेत, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडून चिकट होते. मोटारींच्या जुन्या किटांत मऊ टायर असतात. त्यांतील तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे शेजारच्या भागांना वितळवीत राहते आणि खोके उघडावे तो चाकाच्या आकाराची खोल खूण बोनेटवर उमटलेली दिसते. खोके उघडलेले असेल तर असे टायर आजच काढून वेगळ्या पिशवीत घालावेत आणि पिशवी त्याच खोक्यात एका कोपऱ्यास ठेवावी, म्हणजे किटही अपुरे ठरत नाही.